बिनविरोध विजेते

आत्मकथन म्हाताऱ्या माणसांनी लिहावं, असं माझ्या मायचं मत आहे. तिशीतल्या बाईनं आपल्या लहानपणाबद्दल लिहायला बसणं म्हणजे तिच्या मते भाजी शिजायच्या आधीच ताटं धुवायला घेणं. पण माझे गुडघे आत्ताच साठीचे झालेत. आणि ज्या खेळानं ते तसे केले, त्या खेळाविषयी आमच्या भागात इतक्या थापा चालतात की खरं काय घडलं ते मी लिहिलं नाही, तर उद्या ढगे सर लिहितील. सर निवृत्त झालेत, रिकामे आहेत, आणि परवाच त्यांचा 'जिल्ह्यातील लॅक्रोसचे जनक' म्हणून सत्कार झाला. जनक म्हणे. त्या लेकराला त्यांनी आयुष्यात एकदा तरी कडेवर घेतलं असतं, तर मीसुद्धा टाळ्या वाजवल्या असत्या.

आमचं घर म्हणजे वारंगा फाट्यावरच्या आमच्या हॉटेलाची मागची बाजू. पुढं हॉटेल, मधे एक पत्र्याचं दार, आणि दाराच्या अलीकडं आम्ही तिघं: आबा, माय आणि मी. हिंगोलीची, नांदेडची, नागपूरकडची वाहनं फाट्यावर वळतात, आणि वळताना प्रत्येक ड्रायव्हरला आपलाच हॉर्न सगळ्यांत गोड वाटतो. मी त्या हॉर्नांत पाढे पाठ केले. एसटीचा ब्रेक करकरला की माय बेसनात बुडवलेल्या मिरच्या कढईत सोडायची. गाडी थांबून, कंडक्टर उतरून, प्रवाशांनी आळोखेपिळोखे देईपर्यंत पहिला घाणा निघालेला असायचा. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला आणि त्यावर कच्चा कांदा, दिवसभर भजी, आणि संध्याकाळी उरलेली भजी आमटीत सोडून ज्वारीच्या भाकरीबरोबर आम्हाला. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझं काय बाई, रोज हॉटेलचं खाणं. रोज हॉटेलचं खाणं म्हणजे काय असतं, ते त्यांनी माझ्या पोटाला विचारायला हवं होतं.

घरात एक फ्रिज होता आणि त्या फ्रिजवर एक शाल अंथरलेली होती. त्या शालीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं भांडण चालतं, पिढ्यान्पिढ्या चालतं, पण ते मतपेटीपर्यंत गेलेलं चालत नाही. निवडणूक बिनविरोध झाली की गावाची मान ताठ होते. मग चार मोठी माणसं बसतात, चहा होतो, 'अडीच वर्षं तू, अडीच वर्षं मी' असं ठरतं, आणि ज्याला कुणी काहीच देत नाही त्याला शाल देतात. आबांनी एकदा ग्रामपंचायतीला अर्ज भरला होता. मी लहान होते; आबा नवा सदरा घालून वाड्यावस्त्यांवर फिरायचे एवढं आठवतं. माघारीच्या दिवशी चार मोठी माणसं आमच्याच हॉटेलात बसली, आमचाच चहा प्याली, आणि आबांनी अर्ज मागं घेतला. मोठ्या मनाचा माणूस म्हणून गावानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. श्रीफळाची चटणी झाली, शाल फ्रिजवर गेली, आणि आबा त्या दिवसापासून पंचक्रोशीतले तडजोडीचे मानकरी झाले. कुणाच्या वाटण्या अडल्या, कुणाची सोयरीक मोडत आली, की आबांना बोलावणं यायचं. फ्रिज पुसताना माय ती शाल दोन बोटांत धरून उचलायची. मला मात्र त्या शालीचा फार अभिमान होता.

ढगे सर आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक. शाळा डोंगरकड्याच्या रस्त्यावर होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण संस्थाचालकांचे दोन्ही जावई वकील आहेत. सर मूळचे खोखोचे, पण आमचा खोखोचा संघ दरवर्षी पहिल्या फेरीत हरून यायचा आणि कबड्डीचा तर जायच्या आधीच हरलेला असायचा. मी आठवीत असताना सर कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना दोन पोती घेऊन फाट्यावर उतरले. पोत्यांच्या तोंडातून काठ्या बाहेर आल्या होत्या आणि प्रत्येक काठीच्या टोकाला जाळीची वाटी होती. आबांनी विचारलं, इसापूरच्या धरणावर मासे धरायचं कंत्राट घेतलं का काय. सरांनी चहा मागवला आणि सगळ्या हॉटेलाला समजावून सांगितलं की हा लॅक्रोस नावाचा परदेशातला खेळ आहे. चेंडू जाळीत झेलायचा, तो पडू न देता झुलवत पळायचं, आणि जाळीतूनच फेकून समोरच्यांच्या गोलात मारायचा. कुणी फारसं ऐकत नव्हतं. मग सर पुढं वाकले आणि म्हणाले, "आन् मुद्द्याची गोष्ट अशी, का पोरींमधी हा खेळ जिल्ह्यात दुसरं कोणीच खेळून न्हाई राहिलं."

हॉटेल शांत झालं. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथं तर वासरंही नव्हती. पहिला नंबर आला की दहावीला वाढीव गुण, त्यापुढं अकरावीचा प्रवेश, त्यापुढं भरती, असं सर बोटं मोजत गेले. त्यातलं काय खरं आणि काय नाही ते कुणी तपासलं नाही, कारण तपासायला गेलं की अशा गोष्टी नासतात. मुलांचा संघ दुसऱ्या कुठल्या शाळेनं आधीच काढला होता म्हणून सरांनी मुलींचा काढला, आणि भाषणात मात्र 'स्त्रीशक्तीला वाव' असं म्हणाले. आठ दिवसांत बारा मुली निवडल्या गेल्या. निवडीचा निकष धावणं नव्हता, वडील होता. कप्तान झाली दीपाली, कारण तिचे वडील गंगाधरमामा यांचं हळदीचं शेत मैदानाला लागून होतं आणि शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला मंडप त्यांचा असायचा. मी निवडले गेले, कारण सरांच्या चहाच्या पैशांचं आमच्या हॉटेलात कुणी नाव काढत नसे.

आता सरांच्या प्रशिक्षणाविषयी. आज मी स्वतः मुलींना शिकवते, म्हणून हे जरा जबाबदारीनं लिहिते. सरांकडं दोन चेंडू होते. पहिला उद्घाटनाच्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी काठीनं असा काही भिरकावला की तो थेट गंगाधरमामांच्या हळदीत गेला. चेंडू पिवळा आणि शेत छातीएवढं. तो काही सापडला नाही. त्यामुळं दुसरा चेंडू सरांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि आमचा सराव बिनचेंडूचा सुरू झाला. याला ते 'मानसिक सराव' म्हणायचे. आम्ही ओळीत उभ्या राहून नसलेला चेंडू झेलायचो, नसलेला चेंडू झुलवायचो आणि नसलेल्या गोलात मारायचो. सर शिट्टी वाजवून 'छान' म्हणायचे. बाकी वेळ संचलनाला. काठी खांद्यावर कशी घ्यायची, ढाल दोन्ही हातांनी कशी स्वीकारायची, फोटोत दात न दाखवता कसं हसायचं, आणि जिंकल्यावर आधी कुणाच्या पाया पडायचं हे आमचं तोंडपाठ होतं. शनिवारी काठ्या घरी न्यायच्या, धुवून-पुसून सोमवारी आणायच्या, एवढाच काय तो गृहपाठ. जिल्हा स्पर्धेच्या दिवशी आम्ही मैदानाच्या एका अंगाला उभ्या राहायचो. दुसऱ्या अंगाला कुणीच नसायचं. पंच शिट्टी वाजवायचे, आम्ही त्या मोकळ्या मैदानाला नमस्कार करायचो आणि विजयी व्हायचो. पुढं विभागाच्या स्पर्धेला जायची वेळ आली की नेमकी सरांना कावीळ व्हायची. दोन वर्षं आम्ही जिल्ह्याच्या विजेत्या होतो आणि माझ्याशिवाय आमच्यापैकी एकीलाही चेंडू केवढा जड असतो ते माहीत नव्हतं.

मला ते पहिल्याच वर्षी कळलं, ते हळदीमुळं. काढणीच्या दिवसांत गंगाधरमामांच्या शेतात गड्ड्यांबरोबर तो हरवलेला चेंडू निघाला. मामांनी तो जाता-जाता आमच्या गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, हे तुमच्या त्या जाळीकाठीचं दिसतंय. मी तो सरांकडं नेला. सर म्हणाले, तो हरवला म्हणून मी कळवून बसलोय, आता सापडला तर मलाच तकलीफ होईल, ठेव तुझ्याकडं. अशा रीतीनं जिल्ह्यातला एकमेव मोकळा चेंडू माझ्या ताब्यात आला. भरीव रबराचा, दगडासारखा. हॉटेलाच्या मागच्या भिंतीवर मी तो मारला आणि तो परत येऊन माझ्या गुडघ्यावर असा बसला की मी मटकन खाली बसले. माय कढई सोडून धावत आली. तिनं गुडघ्याला हळद-तेल लावलं आणि चेंडूला शिव्या दिल्या.

पण मी सोडलं नाही. संध्याकाळच्या गाड्यांची गर्दी ओसरली की मी मागं जायची. आधी चेंडू जाळीला लागून उडून जायचा, कारण मी जाळी पुढं न्यायची. मग एकदा दमून हात आपोआप मागं आला आणि चेंडू जाळीत येऊन बसला, आवाजसुद्धा न करता. तेव्हा कळलं की येणाऱ्या चेंडूबरोबर जाळी थोडी मागं न्यायची असते, झोपलेलं लेकरू एकीच्या हातातून दुसरीनं घ्यावं तशी. मला इतका आनंद झाला होता की मी एकटीच हसत उभी राहिले. मग डावा हात, मग उजवा, मग पळता पळता जमिनीवरून चेंडू जाळीत घेणं. भिंतीचं प्लास्टर उडून तिथं गोल भगदाडासारखा डाग पडला, आतल्या विटा दिसायला लागल्या. आबा म्हणायचे, भिंत पाडशील. माय म्हणायची, पाडू द्या, भजी खाऊन लोक तिथंच हात पुसून राहिले. पण भिंत ती भिंत. ती फसवत नाही, चुकत नाही, जिथून मारावं तिथंच परत देते. मला फार वाटायचं, एकदा तरी हा चेंडू माझ्याकडं कुणा माणसानं मारावा. बारा जणींच्या संघात असून मला हे भिंतीला सांगावं लागायचं, याचं तेव्हा रडू यायचं आणि आता हसू येतं.

मी दहावीत असताना ती बातमी आली. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या शाळेनं मुलींचा लॅक्रोसचा संघ काढला होता आणि तो स्पर्धेला येणार होता. आमच्या शाळेत सुतकी कळा पसरली. सर म्हणाले, हे खिलाडूवृत्तीला धरून नाही. दीपालीला ताप आला. कुणीतरी पाहून आलं होतं की तिथल्या मॅडम तरुण आहेत, स्वतः खेळलेल्या आहेत, आणि त्यांच्या मुली म्हणे रोज सकाळी चेंडू घेऊन पळतात. हे ऐकून गंगाधरमामांना प्रामाणिकपणे धक्का बसला. चेंडू घेऊन? ते दोनदा म्हणाले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, इतकी मी खूश होते. आणि गंगाधरमामा सकाळी आबांकडं आले.

तडजोडीची बैठक आमच्याच हॉटेलात झाली. साखऱ्याहून जीप करून तीन माणसं आली, त्यांच्या शाळेची कर्तीधर्ती. इकडून सर, गंगाधरमामा आणि मधे आबा. भजी मी नेऊन देत होते, त्यामुळं सगळं माझ्या कानावर पडत होतं. आधी पावसापाण्याचं झालं, हळदीच्या भावाचं झालं, मग आबांनी घसा साफ केला आणि हात चोळत सुरुवात केली. त्यांचं ते रूप पाहण्यासारखं असायचं. दोन गावांनी कशाला एकमेकांची तोंडं काळी करायची, ते म्हणाले. लेकरं सगळ्यांचीच. यंदा आमच्या पोरी दहावीला आहेत, पुढल्या साली तुमच्या येतील. यंदा पहिला नंबर आमचा, पुढल्या साली तुमचा. सामना मैदानावर होईल, शेवटपर्यंत होईल, पण गोल कुणी करायचा नाही. मग नाणं उडवायचं. नाणं सर आणतील आणि कौलही सरच पाहतील. साखऱ्याच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं विचारलं, मॅडमचं काय, त्या जरा कडक आहेत. दुसरा म्हणाला, मॅडमला नोकरी संस्थेनं दिली आहे. झालं. आबांनी नारळ मागवला. जगात कुठंही या खेळाचा सामना नारळ फोडून आधीच बरोबरीत सुटला असेल असं मला वाटत नाही.

माय तेवढ्यात कढईतून मान वर न करता म्हणाली, "पोरींला कोणी इचारलं का?"

"पोरींच्या भल्याचंच हाय ते," आबा म्हणाले, आणि सगळे हसले. मायनं पुढचा घाणा काढला. तो करपला होता आणि तिनं तो तसाच त्यांच्यापुढं ठेवला.

हे लिहिताना मला परवाची गोष्ट आठवते. मी ज्या मुलींना शिकवते त्यांतल्या एकीचे वडील मैदानावर आले होते. शिकलेले, चांगल्या नोकरीतले. मुलीचा खेळ त्यांनी पाहिला नाही. मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, मॅडम, या गटात दुसरी टीम तर नाही ना. मी म्हटलं, आहे, चांगल्या चार आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलीला दुसऱ्या खेळात घातलं. कुठल्या, ते मी सांगत नाही; तुम्ही ऐकलेला नसणार.

सामना आमच्याच मैदानावर झाला. मंडप गंगाधरमामांचा, खुर्चीत अध्यक्ष, आणि सर पांढऱ्या शर्टात, वरच्या खिशात नाणं घालून. अध्यक्षांना तडजोडीचं कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. साखऱ्याच्या मुलींचे बूट आमच्यासारखे नवे नव्हते, टाचा झिजलेले होते. त्यांची कप्तान आम्रपाली, काळीसावळी, माझ्याएवढीच उंच. त्यांच्या मॅडम बाजूच्या दगडावर बसल्या होत्या आणि मैदानाकडं न पाहता हळदीच्या शेताकडं पाहत होत्या. शिट्टी झाली. मग जे सुरू झालं त्याला सामना म्हणणं म्हणजे लग्नातल्या आहेराला दरोडा म्हणणं. आमच्या मुली चेंडू आला की दचकून बाजूला व्हायच्या. त्यांच्या मुली चेंडू उचलायच्या, दोन पावलं चालायच्या आणि हळूच आमच्याकडं सोडून द्यायच्या, पंगतीत आग्रह करावा तशा. दीपाली आमच्या गोलात शिरस्त्राण काढून वेणी घालत होती. त्यांची गोलरक्षक पायानं मातीत रेघा ओढत होती.

मी आम्रपालीकडं पाहत होते. ती मुद्दाम हळू खेळत होती, पण मनगट हळू होत नव्हतं. जमिनीवरचा चेंडू ती न थांबता, न वाकल्यासारखी जाळीत घ्यायची आणि काठी छातीशी झुलवायची. ते मी दोन वर्षं भिंतीसमोर एकटीनं करत होते, आणि इथं ते करणारी माझ्यासारखी दुसरी मुलगी होती. मला तिचा राग आला नाही, हेवाही वाटला नाही. वाटलं, हिच्याशी खेळायला मिळावं, बस. तेवढ्यात तिनं आपल्या मैत्रिणीकडं चेंडू फेकला, सवयीनं, जोरात, खरा. मी मधे होते. माझा हात मागं आला आणि चेंडू माझ्या जाळीत बसला. माझ्या आयुष्यात माणसानं मारलेला पहिला चेंडू. समोर गोल मोकळा होता. मागून सर 'परत दे, परत दे' असं दबक्या आवाजात ओरडत होते. मला नारळ आठवला, आबांचे चोळलेले हात आठवले, आणि भीती वाटली. मी पळाले आणि मारला.

जाळी हलली. त्यांची गोलरक्षक मातीतल्या रेघांवरच उभी होती. मंडपात शुकशुकाट झाला आणि त्या शुकशुकाटात एकटे अध्यक्ष टाळ्या वाजवत उठले. वा, वा, म्हणाले, आपला गोल. सरांनी कपाळाला हात लावला. मी साखऱ्याच्या मॅडमकडं पाहिलं. त्या दगडावरून उठल्या होत्या आणि ओढणी कमरेला खोचत होत्या. त्यांनी फक्त एकदा टाळी वाजवली, आणि त्यांच्या बाराही मुली अशा वळल्या की आमच्या काहीजणी मैदानाबाहेरच गेल्या.

पुढचं फार लिहीत नाही. पंच आधी गोल मोजत होते, मग त्यांनी नुसती मान हलवायला सुरुवात केली. दीपाली गोल सोडून मंडपात बापाच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली, तेव्हा मी गोलात गेले. आम्रपालीचा एक चेंडू मी अडवला. एकच. पण तो अडवला तेव्हा ती हसली आणि मीही हसले. सरांच्या खिशातलं नाणं खिशातच राहिलं. आमच्या संघाच्या इतिहासातला पहिला गोल मी केला आणि त्या गोलामुळंच आम्ही हरलो, हे गंगाधरमामांनी भर मंडपात सांगितलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. मी घरभेदी ठरले. अकरा घरांचा पहिला नंबर गेला होता, आणि बारावं घर आमचं होतं. दीपाली माझ्याशी वर्षभर बोलली नाही. सरांना त्याच संध्याकाळी कावीळ झाली.

आबांनी मला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि फाट्यावर आणलं. हॉटेलात एकही ओळखीचं गिऱ्हाईक नव्हतं. सगळे रस्त्याच्या पलीकडं, समोरच्या हॉटेलात बसले होते आणि चहा पिताना आमच्याकडं पाहत होते. एवढ्यात साखऱ्याची जीप येऊन थांबली. मुलींना भूक लागली होती आणि येताना त्यांनी आमचीच पाटी पाहून ठेवली होती. आबा गल्ल्यावर तसेच बसून राहिले. माय त्यांच्याकडं न पाहता कढईकडं गेली आणि मिरच्या सोडल्या. मुली खाऊ लागल्या. आम्रपाली हात धुवायला मागं आली आणि भिंतीसमोर थबकली. उघड्या विटांवरून तिनं बोट फिरवलं.

"तूच केली का ही अशी?"

"व्हय."

"आमच्याकडं पाण्याच्या टाकीची हाय." तिनं हात धुतले, ओढणीला पुसले. मग म्हणाली, "आमच्या मॅडमवर लई दाब आणला व्हता. त्या म्हणल्या, ते गोल करत न्हाईत तोवर तुमीबी करायचा न्हाई. आमी वाटच पाहून राहिलो व्हतो. कोणीतरी मारंल, कोणीतरी मारंल. मला तं वाटलं व्हतं, तशीच शेवटची शिट्टी व्हईल."

मी काठी आणली, तिनं जीपमधून तिची आणली. हॉटेलामागच्या त्या चिंचोळ्या जागेत, धुण्याच्या दगडापासून सरपणाच्या ढिगापर्यंत, आम्ही चेंडू एकमेकींकडं मारत राहिलो, जीपचा हॉर्न वाजेपर्यंत. ती आज परभणीला शाळेत शिकवते आणि तिच्या मुली माझ्या मुलींना अजून हरवतात.

जीप गेली. आबा फडकं घेऊन रिकामी टेबलं पुसत होते, पुसलेलीच पुन्हा. मी ताटं उचलत होते. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मी अर्ज मागं घेतला ना, तवा माझ्यावर कोणी जबरदस्ती न्हाई केली. लोक म्हणले, मन मोठं. मन न्हाई मोठं. हारायचं भ्या वाटलं मला." फडकं थांबलं. "तुला न्हाई वाटलं?"

"वाटलं, आबा."

"मंग काहून मारला?"

चेंडू जाळीत होता, एवढंच मी म्हणाले. आबांनी मान हलवली आणि पुढचं टेबल पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसट्या आल्या आणि गेल्या. समोरच्या हॉटेलात गर्दी होती, आमच्याकडं दोन ट्रकवाले. मी मागं भिंतीवर चेंडू मारत होते, कारण दुसरं करायला काही नव्हतं. पत्र्याचं दार वाजलं. आबा आले. त्यांनी फ्रिजवरची शाल घडी घालून पोटावर घेतली होती आणि वरून सुतळीनं करकचून बांधली होती. भिंतीवरच्या त्या डागासमोर ते पाय फाकून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. दारातून माय पाहत होती. कढईत काहीतरी जळत होतं आणि ती हलत नव्हती.

"मार," आबा म्हणाले.

मी हळूच फेकला. त्यांनी चेंडू उचलून परत माझ्याकडं टाकला.

"काल त्या पोरीला मारला तसा मार."

मी मारला. चेंडू शालीवर बसला. आबांच्या तोंडून 'आई गं' निघालं, डोळ्यांत पाणी आलं, पण ते जागचे हलले नाहीत.